कल कळेनासा होतो तेव्हा : वैमानिकांचा स्थितिभ्रम आणि त्याचे निवारण

विमान क्षितिजाशी किती कोनात आहे, त्याचे नाक वर आहे की खाली, कोणता पंख किती झुकला आहे, विमान वळते आहे की सरळ चालले आहे, याची वैमानिकाला होणारी जाणीव आणि प्रत्यक्ष स्थिती यांची फारकत होणे म्हणजे स्थितिभ्रम. वैमानिकांच्या बोलण्यात त्याला स्पेशियल डिसओरिएंटेशन किंवा नुसते व्हर्टिगो म्हणतात. हा आजार नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. निरोगी, तरुण, हजारो तास उड्डाण केलेल्या माणसालाही तो होतो, कारण त्याचे मूळ शरीराच्या रचनेतच आहे. जमिनीवर चालण्यासाठी, धावण्यासाठी आणि झाडावर चढण्यासाठी घडलेली इंद्रिये ढगात किंवा काळोख्या समुद्रावर एक पंख खाली करून वळणाऱ्या यंत्रात बसवली, की ती आपले काम चोख करूनही चुकीची बातमी देतात. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाच्या मते छोट्या खासगी विमानांच्या अपघातांपैकी ५ ते १० टक्के अपघात या कारणाने होतात आणि त्यांतले सुमारे ९० टक्के प्राणघातक ठरतात. संख्येने थोडे, पण झाले तर बहुधा कोणी वाचत नाही, असा हा प्रकार आहे.

तोल सांभाळण्याच्या कामात डोळ्यांचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ८० टक्के मानला जातो. उरलेले काम आतला कान आणि स्नायू, सांधे व त्वचा यांच्याकडे असते. क्षितिज दिसत असेपर्यंत कान आणि स्नायू काय सांगतात याला फारसे महत्त्व नसते. डोळे त्यांना दुरुस्त करत राहतात. क्षितिज दिसेनासे झाले की हा दुरुस्त करणारा जातो आणि उरलेले दोन साक्षीदार मोकळे सुटतात. म्हणून या विषयाचा अभ्यास कानापासून सुरू करावा लागतो.

प्रत्येक कानाच्या आत एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोके फिरले की नलिका फिरते, द्रव मागे रेंगाळतो आणि त्याच्या दाबाने वाकलेला एक मऊ पडदा मेंदूला कळवतो की फिरणे सुरू झाले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. हा पडदा फिरणे मोजत नाही, फिरण्यातला बदल मोजतो. एकाच वेगाने वळण चालू राहिले तर दहा ते वीस सेकंदांत द्रव नलिकेबरोबर फिरू लागतो, पडदा सरळ होतो आणि वळणाची जाणीव संपते. विमान मात्र वळतच असते. आता वैमानिकाने वळण थांबवले तर द्रव पुढे धावतो आणि विमान उलट दिशेला वळू लागल्याचा भास होतो. फुगडी थांबवल्यावर घर फिरताना दिसते ते याच कारणाने. अंगणात हा खेळ असतो, कारण पायाखाली जमीन असते.

दुसरी मर्यादा उंबरठ्याची आहे. सेकंदाला सुमारे दोन अंशांपेक्षा सावकाश झालेला झुकाव या नलिकांना कळतच नाही. ढगातून जाताना एक पंख हळूहळू खाली गेला, वैमानिकाला ते उपकरणावर दिसले आणि त्याने झटकन विमान सरळ केले, तर कानाला फक्त सरळ करण्याची हालचाल कळते. त्यामुळे सरळ विमानात बसलेला वैमानिक स्वतः कलला आहे असे समजून खुर्चीतच एका बाजूला झुकून बसतो. हा सर्वांत नेहमीचा भ्रम. बहुतेक वैमानिकांना तो कधी ना कधी होतो आणि उपकरणांकडे लक्ष ठेवणाऱ्याला तो इजा करत नाही.

इजा करणारा भ्रम वेगळा. वळण कळेनासे झालेले विमान नाक खाली घालून उंची गमावू लागते. वैमानिकाला वाटते विमान सरळ आहे, फक्त खाली चालले आहे. तो नाक वर घेण्यासाठी कंट्रोल कॉलम ओढतो. पण पंख कललेले असल्यामुळे ओढण्याने नाक वर येत नाही, वळण अधिक आवळले जाते आणि उतरण अधिक वेगाने होते. इंग्रजीत या घिरटीच्या नावातच स्मशान आहे. तिच्यातून बाहेर पडण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी इंजिनाची शक्ती कमी, मग पंख सरळ, आणि त्यानंतरच नाक हळूहळू वर. हा क्रम शरीराच्या पहिल्या प्रतिक्रियेच्या नेमका उलट आहे, म्हणून तो नुसता पाठ असून भागत नाही, हाताला सवय असावी लागते.

नलिकांच्या शेजारीच कानात दोन लहान पिशव्या असतात. त्यांतल्या केसासारख्या पेशींवर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. डोके मागे झुकले की खडे मागे ओघळतात आणि कल कळतो. पण विमानाने पुढे जोराचा वेग घेतला तरी ते मागेच ओढले जातात, आणि या दोन गोष्टींतला फरक खड्यांना सांगता येत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या एकपंचमांश इतक्या प्रवेगाने विमान पुढे झेपावले तर नाक सुमारे ११ अंश अधिक वर गेल्याचा भास होतो. दिवसा क्षितिज दिसत असल्यामुळे हा भास जाणवतही नाही. रात्री धावपट्टी संपून पुढे काळे पाणी लागले की तो खरा वाटतो आणि हात नाक खाली दाबू पाहतो. उतरण्याचा प्रयत्न सोडून पूर्ण शक्तीने पुन्हा वर जाताना, म्हणजे गो-अराउंड करताना, हा धोका सर्वांत मोठा असतो. २३ ऑगस्ट २००० रोजी बहारीनजवळ गल्फ एअरचे विमान समुद्रात कोसळून १४३ जण गेले आणि १९ मार्च २०१६ रोजी रशियात रोस्तोव येथे फ्लायदुबईचे विमान कोसळून ६२ जण गेले. दोन्ही अपघातांच्या तपासात या भ्रमाचा विचार करावा लागला.

डोळेही फसतात. तिरक्या ढगाची कड क्षितिज वाटते. काळोखात एकाच स्थिर दिव्याकडे पाहत राहिले तर तो हलू लागतो. भोवती एकही दिवा नसलेल्या धावपट्टीकडे उतरताना आपण फार उंच आहोत असे वाटून विमान गरजेपेक्षा खाली आणले जाते. मराठवाड्यावरून रात्री जाणाऱ्या छोट्या विमानातून खाली पाहिले तर कळंब, केज, अंबाजोगाई यांच्या दिव्यांचे पुंजके दिसतात, मध्ये मांजरेच्या पाण्याचा आणि शेतांचा काळा पट्टा असतो, आणि वस्त्यांवरचे विखुरलेले दिवे नेमके चांदण्यांसारखे दिसतात. अमावस्येच्या रात्री जमीन कुठे संपली आणि आकाश कुठे सुरू झाले हे अशा ठिकाणी डोळ्यांनी सांगता येत नाही. शहरावरून उडायला शिकलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट वेगळी सांगावी लागते.

हे सारे ज्ञान जुने आहे. कानातल्या या यंत्रणेवरील संशोधनासाठी ऑस्ट्रियाचे रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्ण तपासण्यासाठी वापरली जाणारी त्यांची फिरती खुर्ची पुढे अमेरिकी सैन्यातील वैमानिक विल्यम ऑकर यांच्या वाट्याला वैद्यकीय तपासणीत आली. खुर्ची कोणत्या दिशेला फिरते हे डोळे मिटून सांगताना ते चुकले. १९२६ मध्ये त्यांनी वळणदर्शक उपकरण बंद पेटीत ठेवून आत पाहत पुन्हा तीच परीक्षा दिली आणि प्रत्येक वेळी बरोबर उत्तर दिले. विमान अंदाजाने चालते असे मानणाऱ्या वैमानिकांच्या पिढीला हे पटायला वेळ लागला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर न पाहता, उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा संपूर्ण फेरा पूर्ण केला. त्यांच्यासमोर स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमानाचा कल दाखवणारे उपकरण, होते. त्यानंतर ढगात उडणे हे धाडस उरले नाही, ते एक शिकण्यासारखे कौशल्य झाले.

न शिकता ढगात शिरल्यास काय होते याचे मोजमाप इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये केले. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना बनावट ढगात, शेजारी शिक्षक बसवून, विमान चालवायला दिले. वीसही जणांचा ताबा सुटला. कोणाचा २० सेकंदांत, कोणाचा ८ मिनिटांत; सरासरी १७८ सेकंद. प्रयोगाचा खरा हेतू मात्र पुढचा होता. त्याच माणसांना थोडक्या शिक्षणात, मोजक्या सोप्या हालचालींनी, विमान सावरून ढगाबाहेर आणणे शिकवता आले. १७८ हा आकडा जगभर पसरला, ही दुसरी अर्धी बाजू तितकी पसरली नाही, आणि निवारणाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे.

एवढ्यावर विषय संपला असता तर सारे निवारण एका वाक्यात सांगता आले असते: शरीरावर विश्वास ठेवू नये, उपकरणावर ठेवावा. मुंबईच्या किनाऱ्यावर घडलेल्या अपघाताने हे वाक्य अपुरे असल्याचे दाखवले.

१ जानेवारी १९७८ रोजी रात्री सव्वाआठच्या सुमारास एअर इंडियाचे उड्डाण क्रमांक ८५५ सांताक्रूझ विमानतळावरून दुबईकडे निघाले. विमान बोइंग ७४७ होते, नाव ‘सम्राट अशोक’, १९७१ मध्ये देशात आलेले या जातीचे पहिले विमान. पश्चिमेकडे उड्डाण झाले, किनारा मागे पडला आणि समोर अरबी समुद्राचा काळोख आला. किंचित उजवीकडे वळून विमान पुन्हा सरळ झाले, पण कॅप्टनच्या समोरचे कृत्रिम क्षितिज सरळ झाले नाही. ते उजवा झुकाव दाखवतच राहिले. बाहेर पाहून खात्री करण्यासारखे काहीच नव्हते. उपकरणावर विश्वास ठेवण्याच्या शिकवणुकीप्रमाणे कॅप्टनने तो नसलेला झुकाव काढण्यासाठी विमान डावीकडे फिरवले, आणि फिरवत राहिले. डावा झुकाव १०८ अंशांपर्यंत गेला, म्हणजे विमान काटकोनाच्याही पलीकडे कलंडले. उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर पाण्यात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, असे सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले.

कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणावरून शेवटच्या क्षणांचा अंदाज येतो. कॅप्टनने आपल्या उपकरणाबद्दल आश्चर्य व्यक्त केले; सहवैमानिकाने आपलेही उलटल्याचे सांगितले. सहवैमानिकाचे उपकरण बहुधा खरी स्थिती दाखवत होते, आणि दोन्ही उपकरणे एकच गोष्ट दाखवत आहेत असा कॅप्टनचा समज झाला असावा. पाण्यावर आदळण्याच्या काही सेकंद आधी फ्लाइट इंजिनिअरने कॅप्टनला त्या उपकरणाच्या नादी लागू नका असे सांगण्याचा प्रयत्न केला. त्याला बहुधा पॅनलवरचे तिसरे, राखीव क्षितिज किंवा वळणदर्शक दाखवायचे होते. माहिती कॉकपिटमध्ये होती. ती योग्य माणसापर्यंत वेळेत पोचली नाही. कॅप्टनचे क्षितिजदर्शक बिघडल्यावर त्याचे विमानाच्या स्थितीचे भान पूर्ण सुटले आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरले गेले नाही, असा निष्कर्ष भारतीय चौकशीत निघाला.

या अपघाताकडे एका माणसाची चूक म्हणून पाहणे सोपे आहे आणि निरुपयोगी आहे. हीच घटना जवळजवळ जशीच्या तशी २२ डिसेंबर १९९९ रोजी लंडनजवळ स्टॅन्स्टेड येथे घडली. कोरियन एअरच्या मालवाहू ७४७ मध्ये कॅप्टनचे क्षितिज झुकाव दाखवत नव्हते. दोन उपकरणांत तफावत असल्याचा इशारा वाजत होता. फ्लाइट इंजिनिअर झुकावाबद्दल ओरडून सांगत होता. सहवैमानिकासमोरचे उपकरण ठीक होते, तरी तो गप्प राहिला. चौघेही गेले. दोन देश, दोन कंपन्या, मध्ये जवळजवळ २२ वर्षे. तरीही घडणीत इतके साम्य असेल, तर दोष व्यक्तीत शोधून हाती काही लागत नाही. निवारणाचा खरा गाभा इथे आहे: विश्वास एका उपकरणावर नव्हे, उपकरणांच्या आपसांतल्या सहमतीवर ठेवायचा, आणि ती सहमती मोडल्याचे पहिल्यांदा ज्याला दिसेल त्याने, तो कनिष्ठ असला तरी, स्पष्ट शब्दांत बोलायचे.

म्हणून वैमानिकाला नजर फिरवण्याची पद्धत शिकवली जाते. मध्यभागी कृत्रिम क्षितिज, तिथून नजर वेगदर्शकाकडे, परत क्षितिजाकडे, तिथून उंचीकडे, परत, दिशादर्शकाकडे, परत, वळणदर्शकाकडे, परत. क्षितिज झुकाव दाखवत असेल तर दिशा बदलायला हवी. दिशा स्थिर असेल तर दोघांपैकी एक खोटे बोलत आहे, आणि निवाडा करायला वळणदर्शक व राखीव क्षितिज आहेतच. राखीव क्षितिजाला वेगळा वीजपुरवठा देतात तो याचसाठी. मोठ्या विमानांत दोन्ही बाजूंची तफावत पडद्यावर उमटते आणि झुकाव मर्यादेबाहेर गेला की यंत्र बोलून सांगते. काही लढाऊ विमाने आता वैमानिकाने प्रतिसाद दिला नाही तर स्वतःहून सरळ होऊन वर जातात. अमेरिकी एफ-१६ मध्ये अशी यंत्रणा २०१४ पासून आहे. काही छोट्या विमानांत केवळ पंख सरळ करण्यासाठी एक वेगळे बटण असते. भ्रम जाणवताच ते दाबण्यात कमीपणा नाही.

वैद्यकशास्त्र या भ्रमाचे तीन प्रकार करते. पहिल्यात भ्रम झाल्याचे वैमानिकाला कळतच नाही. ‘सम्राट अशोक’ आणि स्टॅन्स्टेड दोन्ही याच वर्गात मोडतात. दुसऱ्यात काहीतरी जुळत नाही हे कळते आणि माणूस झगडतो. तिसऱ्यात हात-पाय आखडतात, डोळे थरथरतात, उपकरणे वाचता येत नाहीत. काहींना कोणा अदृश्य हाताने कंट्रोल धरून ठेवल्यासारखे वाटते. दुसऱ्या प्रकारात वैमानिकाला मदत मागता येते, तिसऱ्यात सोबतच्या वैमानिकाने ताबा घ्यावा लागतो, पण पहिल्यात मदतीची गरज आहे हेच कोणाला ठाऊक नसते. म्हणून निवारणाचा मोठा भाग विमान सुरू होण्याआधीचाच आहे.

उपकरणांवर उडण्याचा परवाना नसेल तर ढगाच्या जवळ न जाणे, हा त्यातला सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम. १६ जुलै १९९९ च्या रात्री धूसर हवेत समुद्रावर उडणारे जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचे विमान आणि २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जणांना घेऊन ढगात शिरलेले हेलिकॉप्टर, दोन्ही अपघातांत तपासयंत्रणेने स्थितिभ्रमच कारण म्हणून नोंदवला. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ संरक्षणदलप्रमुख जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टर कोसळले. दरीत हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाला स्थितिभ्रम झाला, असे हवाई दलाच्या चौकशीत आढळले. हेलिकॉप्टरमधले चौदाही जण गेले. तिथले वैमानिक कसलेले होते. अनुभव या भ्रमापासून संरक्षण देत नाही, फक्त तो ओळखण्याची शक्यता वाढवतो.

हेलिकॉप्टरसाठी महाराष्ट्रात दोन खास परिस्थिती आहेत. जुहूहून सुमारे १६० किलोमीटर दूर मुंबई हायच्या तेलफलाटांकडे जाणारी उड्डाणे पावसाळ्यात राखाडी पाणी आणि राखाडी आकाश यांच्यामधून जातात, क्षितिजरेषाच नसते. दुसरी परिस्थिती मराठवाड्याच्या ओळखीची. एप्रिल-मे महिन्यांत शाळेच्या मैदानावर किंवा नांगरलेल्या शेताशेजारी आखलेल्या तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरताना पात्यांच्या वाऱ्याने मातीचा ढग उठतो आणि जमिनीपासून काही फुटांवर वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. उडणारी धूळ पाहून हेलिकॉप्टर मागे किंवा बाजूला सरकत असल्याचा भास होतो. इथे उंची इतकी थोडी असते की सावरायला वेळच नाही. हेलिपॅडवर आधी भरपूर पाणी मारणे ही ग्रामपंचायत आणि तहसील पातळीवरच्या माणसांच्या हातातली सुरक्षा आहे, आणि तिला प्रशिक्षित वैमानिकाइतकेच मोल आहे.

सोलापूर भागातल्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, तेव्हा विमाने मुद्दाम उभ्या वाढणाऱ्या ढगांजवळ आणि ढगांत न्यावी लागली. इतर वैमानिक ज्या ढगाला वळसा घालतात त्यातच काम असणाऱ्या अशा उड्डाणांसाठी उपकरणांवर उडण्याचे पक्के शिक्षण, दोन वैमानिक आणि जमिनीवरून रडारची साथ या गोष्टी गृहीत धराव्या लागतात.

उड्डाणाआधीच्या निवारणात शरीराची तयारीही येते. सर्दीने कान दडपलेले असताना, औषधाची गुंगी असताना, झोप अपुरी असताना भ्रम लवकर होतो. मद्य नलिकेतील पडद्यात द्रवाच्या आधी शिरते. पडदा हलका होऊन तरंगतो आणि डोके स्थिर असतानाही फिरल्याची खबर देतो. भारतीय नियमांत उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य आहे, पण हा परिणाम नशा उतरल्यावरही रेंगाळतो. ढगात वळत असताना खाली पडलेली पेन्सिल उचलायला झटकन वाकणेही घातक, कारण डोके दुसऱ्या दिशेने हलले की एकदम अनेक नलिका ढवळल्या जातात आणि विमान कोलांटी खात असल्याचा भास होतो. नकाशे आणि पेन हाताशी, नजरेच्या उंचीवर ठेवण्याची सवय इतक्यासाठीच.

भ्रम झालाच तर काय करायचे हे थोडक्यात सांगता येते, कारण त्या वेळी थोडकेच आठवते. नजर उपकरणांवर, डोके स्थिर. पंख सरळ. शक्ती आणि नाक नेहमीच्या ठरलेल्या जागी. ऑटोपायलट चालू असेल तर त्यालाच चालवू द्यायचे. दुसरा वैमानिक असेल तर ताबा देऊन तसे मोठ्याने सांगायचे. बाहेर एकदा आणि आत एकदा पाहत राहण्याचा मोह टाळायचा. उंची सुरक्षित झाल्यावर नियंत्रण कक्षाला कळवायचे. बोलण्याचा क्रम उडण्यानंतरचा आहे. नकळत ढगात शिरलेल्या नवख्याने शक्य असेल तर सावकाश, थोड्या झुकावाने, १८० अंशांचे वळण घेऊन आलेल्या वाटेनेच बाहेर पडावे.

भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि उपकरण उड्डाणाच्या मानांकनासाठी ४० तासांचा उपकरणांवरचा अनुभव. त्यातले २० तासांपर्यंत सिम्युलेटरवर चालतात. सिम्युलेटर नजर फिरवण्याची शिस्त उत्तम शिकवतो, पण जमिनीला पक्का असल्यामुळे कानाला पुरेसे फसवू शकत नाही. त्यासाठी फिरणारे वेगळे यंत्र लागते. १९५७ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत हवाई दलाच्या वैमानिकांना अशा यंत्रात बसवून प्रत्येक भ्रम मुद्दाम अनुभवायला लावतात. नागरी विद्यार्थ्यांना ही सोय सहसा मिळत नाही. बारामती, गोंदिया, शिरपूर, नागपूर येथील प्रशिक्षण केंद्रांत शिक्षक विद्यार्थ्याला डोळे मिटायला सांगतात, विमान सावकाश वळवतात, नाक वर-खाली करतात आणि मग विमान कोणत्या स्थितीत आहे ते विचारतात. बहुतेकांचे उत्तर चुकते. मग डोळ्यांवर फक्त उपकरणे दिसतील अशी झापड चढवून त्याच स्थितीतून विमान सावरायला सांगतात. हा सराव परवाना मिळाल्यावर थांबला तर काही महिन्यांत हात विसरतो, म्हणून मानांकन ठरावीक मुदतीने परीक्षा देऊन टिकवावे लागते, आणि दरम्यान एखादा भ्रम झाला, अपघात झाला नाही तरी, तो शिक्षकाला आणि वैद्यकीय परीक्षकाला सांगावा.